सोबतीचा दर, ताशी दोन रुपये

मंगळवार, १४ जून १९९४. संध्याकाळचे साडेसात. रक्कम दोन रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको सुनंदा आणि रक्कम घेणारे रंगनाथराव उदगीरकर. ठिकाण, हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या अपार्टमेंटचा जिना, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधला.

इतकं नेमकं सांगता येतं, कारण त्या दोन रुपयांची पावती माझ्याकडे आहे. हिशेबतपासणीच्या सरकारी नोकरीत माझी तेव्हा बावीस वर्षं झाली होती. पावतीशिवाय मी दूधवाल्यालाही पैसे देत नसे.

घडलं ते असं. आमच्या शेजारी, पाच नंबरमध्ये, मूर्ती गारू राहतात; गारू म्हणजे तेलुगूतलं आपलं राव. काचीगुड्याच्या वळणावर स्कूटर घसरून त्यांचा पाय मोडला होता, सहा आठवड्यांचं प्लास्टर होतं. उदगीरकर सर जिन्याच्या पायरीवर बसले होते, मांडीवर दुधाच्या पावडरचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, मूर्तींबद्दल मला फार सिम्पथी वाटते हो सर.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"किती वेळ बसलात त्यांच्यापाशी?"

"अजून गेलो नाही. ऑफिसात फार काम आहे."

"दार किती लांब आहे?"

माझं सहा नंबर, त्यांचं पाच. मी अंदाजे सात फूट म्हणालो.

"शब्द फोडा, देशपांडे. सिम म्हणजे सोबत. पाथोस म्हणजे सोसणं. सात फुटांवरनं सोबत कसं काय सोसलात तुम्ही? दोन रुपये."

आणि त्यांनी डबा माझ्यासमोर हलवला. आत नाणी वाजली, म्हणजे मी पहिला नव्हतो. एकसष्ट वर्षांच्या माणसाशी जिन्यात वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून मी दोन रुपये टाकले आणि सवयीनं पावती मागितली. सरांनी शर्टाच्या खिशातून पावतीपुस्तक काढलं. "हौ, पावती मागणारे तुम्हीच पहिले," असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता. पावतीच्या मागच्या बाजूला मास्तरी वळणाच्या अक्षरात नियम लिहिला होता: सदर व्यक्तीपाशी सलग एक तास बसल्यास ही रक्कम परत मिळेल. बोलण्याची गरज नाही.

मी पावती फाइलला लावली. मूर्तींकडे गेलो नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि प्रश्न मिटला.

उदगीरकर सर तिसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरमध्ये राहत. जन्म उदगीरजवळच्या खेड्यातला, निजामाच्या काळातला, त्यामुळे शाळा उर्दूतून झाली. मग इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि हैदराबादच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शाळेत मराठी मुलं कमी होत होत सरांच्या शेवटच्या वर्षी दहावीत नऊ उरली होती. मूलबाळ नाही. घरात दोघंच, ते आणि कुमुदकाकू.

ग्रीक त्यांना येत नव्हतं. हे ते स्वतःच सांगत. आबिड्सला रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथून त्यांनी एक जाडजूड शब्दकोश आणला होता. इंग्रजीतल्या कुठल्या शब्दाच्या पोटात कुठला ग्रीक शब्द आहे, ते त्यात दिलेलं होतं. पण सगळ्या शब्दांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. भूगोल, भूमिती, नाटक, राजकारण, यांचे ग्रीक शब्द त्यांनी कधी फोडले नाहीत. फक्त भावना आणि दुखणं. "ग्रीक मला येत नाही," ते म्हणत, "त्यांची दुखणी तेवढी येतात."

दर ठरलेले होते. सिम्पथी दोन रुपये. ॲगनी एक रुपया, कारण मुळात तो कुस्तीच्या, स्पर्धेच्या झुंजीचा शब्द. म्हणणाऱ्यानं आधी कुणाशी झुंजलो ते सांगायचं. ट्रॉमा तीन रुपये. "ट्रॉमा म्हणजे जखम. दाखवा." दहा नंबरच्या रेड्डींनी, आपल्या दारासमोर कुणीतरी गाडी लावली याचा त्यांना ट्रॉमा झाला असं सांगितलं, तेव्हा सरांनी त्यांना बाही वर करायला लावली होती. एम्पथी अडीच रुपये, कारण तो शब्द याच शतकात जुळवलेला आहे आणि नव्या मालाची हमी नाही. ॲपथीला दंड नव्हता. ज्याला काही सोसायचंच नाही त्याच्याकडून काय घ्यायचं, असं ते म्हणत आणि माझ्याकडे पाहत.

सगळ्यात महाग नॉस्टॅल्जिया, पाच रुपये. अकरा नंबरमध्ये पुण्याहून आलेलं तरुण जोडपं होतं. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, पगार माझ्या दुप्पट. त्या वर्षांत अशी जोडपी दर महिन्याला येत होती. त्या मुलीला पुण्याच्या बाकरवडीपासून तिथल्या थंडीपर्यंत सगळ्याचा नॉस्टॅल्जिया होता. सर तिला म्हणाले, "बेटा, नोस्तोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे कळ. हे रोगाचं नाव आहे, एका डॉक्टरनं घडवलेलं. घर सोडून लढायला गेलेले शिपाई या दुखण्यानं अन्न टाकायचे. पुण्याला रोज गाडी आहे. तू अन्न टाकलंस का?" ती म्हणाली, नाही. पाच रुपये.

टेन्शनचं काय, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. तेव्हा नुकताच सगळ्या हैदराबादला टेन्शन हा शब्द लागला होता. रिक्षावाल्यापासून माझ्या साहेबापर्यंत सगळे घेत होते.

"टेन्शन लॅटिन आहे," सर म्हणाले. "माझ्या हद्दीत येत नाही. फुकट आहे. म्हणूनच सगळे घेतात."

लोक त्यांना हसत आणि पैसे देत. संध्याकाळी जिना चढताना मुद्दाम एखादा शब्द टाकून बघायचा, हा आमच्याकडे खेळ झाला होता. मला त्यात एकच गोष्ट खटकायची. पैसे जमा होत होते, आणि त्यांचा ताळेबंद कुठेच मांडला जात नव्हता.

आणखी एक सांगायला हवं. सर जेव्हा बघावं तेव्हा जिन्यातच असत. सकाळी, भर दुपारी, मे महिन्यात, पंखा नसलेल्या त्या पायरीवर. आणि त्यांच्या घराचं दार कायम बंद. खिडक्यासुद्धा. कुमुदकाकू दोन-तीन वर्षांत कुणाला खाली दिसल्या नव्हत्या. त्यांना दाढेचा काहीतरी त्रास आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. बायका म्हणत, दाढ काय, शिष्टपणा आहे. घंटा वाजवली तर दार अर्धं उघडतात, बोलत नाहीत, हातानंच नको म्हणतात.

शिवाय नऊ नंबरमधून वेळीअवेळी वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज येई. टण, टण. दोनदा, कधी तीनदा. आठ नंबरवाल्यांनी त्याची तक्रार केली. मी असोसिएशनचा खजिनदार होतो आणि तक्रारवहीही माझ्याचकडे असे. मी नोंद केली: भांडी वाजवण्याचा उपद्रव, फ्लॅट ९, समज द्यावी. समज द्यायला गेलो तर सर नेहमीप्रमाणे जिन्यातच भेटले. म्हणाले, "हौ, वाजते. सांगतो तिला." आणि चटकन उठून आत गेले. मला वाटलं, टाळताहेत.

सर निवृत्त झाले त्याच सुमाराला दिलसुखनगरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. रस्त्याच्या एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला अमेरिका. अमेरिकेला जायच्या परीक्षेसाठी मुलं झेरॉक्सच्या गठ्ठ्यांतून तीन-तीन हजार इंग्रजी शब्द पाठ करत. अशाच एका क्लासच्या मालकानं सरांना ठेवलं, तासाला साठ रुपये, संध्याकाळी पाच ते सात. इतर मास्तर दिवसाला चाळीस शब्द उरकत. सरांनी एका पाथोसवर तीन आठवडे लावले.

वर घरचा अभ्यास दिला. सिम्पथी शिकवून झाल्यावर सत्तर मुलांना सांगितलं की सरकारी दवाखान्यात जायचं, ज्याच्यापाशी कुणी नाही असा पेशंट शोधायचा, तासभर बसायचं, आणि उठावंसं केव्हा वाटलं ती वेळ मिनिटांत लिहून आणायची. बोलायचं नाही. फळं न्यायची नाहीत. निम्मी मुलं गेली. एका मुलीनं 'चौथ्या मिनिटाला' असं लिहून आणलं. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, कारण बाकीच्यांनी पन्नासच्या पुढचे आकडे लिहिले होते आणि ते खोटे होते.

पालक भडकले. एका बापाला भीती, मुलगा कावीळ घेऊन येईल आणि व्हिसा अडकेल. मालकानं सरांना केबिनमध्ये बोलावलं. तो काय म्हणाला ते सर पुढे जिन्यात त्याच्याच आवाजात करून दाखवत: "सर, हमको स्कोर होना. सिम्पथी नक्को. पेशंट के बाजू बैठे तो स्कोर नै आता, टैम जाता."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हणालो, तेच तर शिकवतो. टैम जातो."

तरी त्यानं सरांना काढलं नाही. कारण स्कोर आला. सरांच्या बॅचची मुलं ते शब्द विसरत नव्हती.

जुलै १९९५ मध्ये आमच्या असोसिएशनची सभा झाली, गच्चीवर, टँकरच्या पाण्याचे पैसे वाढले त्याबद्दल. सर सहसा सभेला येत नसत. त्या दिवशी आले, शेवटच्या खुर्चीत बसले आणि विषय संपल्यावर त्यांनी एक अर्ज दिला. अर्ज मी मोठ्यानं वाचला. पत्नीच्या प्रकृतीमुळे तिला एकटं ठेवणं कठीण झालं आहे. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, मी दिलसुखनगरला असतो. त्या वेळात रहिवाशांपैकी कुणी आळीपाळीनं तिच्यापाशी बसू शकेल काय. काम काही नाही. बोलण्याची गरज नाही.

सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. रेड्डी म्हणाले, पगारी बाई ठेवा ना सर. सर म्हणाले, दोन ठेवल्या, दोन्ही पळाल्या. पुण्याची मुलगी म्हणाली, आय फील सो... आणि पुढचा शब्द तिनं गिळला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण कागद माझ्या हातात होता.

मी नियम काढून बघितले. पाणी, वीज, लिफ्ट, वॉचमन, गच्ची. अर्जावर मी लिहिलं: असोसिएशनच्या कामाशी संबंधित नाही, दप्तरी दाखल. तारीख घातली, सही केली. सरांनी मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नियमात नाही."

पुढच्या महिन्यात त्यांचा दिलसुखनगरचा क्लास सुटला. मला वाटलं, मालकानं काढलं. मी सुनंदाला म्हणालोसुद्धा, इतका विक्षिप्तपणा कोण चालवून घेणार. ती भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं नाही.

मार्च संपला. वार्षिक हिशेबाच्या वेळी मी तो डब्याचा मुद्दा काढलाच. रहिवाशांकडून दोन वर्षं पैसे गोळा होतात, ते किती, कुठे आहेत, याची तपासणी झाली पाहिजे. कुणाला त्याची पडली नव्हती. मी सरांना रीतसर पत्र दिलं. दुसऱ्या दिवशी डबा आणि एक लांबट वही माझ्या दारात आली. वहीवर लिहिलं होतं: सोसण्याचे खाते, १ एप्रिल १९९४ पासून. आर्थिक वर्ष बघून सुरू केलं होतं. मला ते आवडलं.

रविवार, २१ एप्रिल १९९६. सकाळी दहाला मी बसलो. वहीत नावं नव्हती, फ्लॅटचे नंबर होते. तारीख, शब्द, जमा, परत, असे रकाने. खाडाखोड नाही. डबा पालथा करून नाणी आणि नोटा मोजल्या: नऊशे सदतीस रुपये. वहीतली बेरीज केली. एकूण जमा एक हजार एकोणऐंशी. परत एकशे बेचाळीस. शिल्लक नऊशे सदतीस. पैशाचा फरक नव्हता.

मग खातेवार फोड केली आणि दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, परतीच्या रकान्यात अकरा फ्लॅटांपुढे काहीच नव्हतं. कुणीच, कधीच एक तास बसलं नव्हतं. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस रुपये एकाच फ्लॅटला गेले होते. दोन-दोन रुपये, एकाहत्तर वेळा, दर गुरुवारी. तो फ्लॅट सहा नंबर. माझा. माझ्या खात्यावर जमा होते सगळे मिळून चौदा रुपये. चौदा भरून एकशे बेचाळीस उचलले, म्हणजे एकशे अठ्ठावीस जास्तीचे. चोवीस वर्षं मी लोकांच्या वह्यांत जे शोधत आलो, ते माझ्याच दारात निघालं होतं, आणि मी एक पैसा घेतलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, जमेच्या एक हजार एकोणऐंशीपैकी आमच्या अकरा फ्लॅटांचे मिळून फक्त दोनशे त्रेचाळीस होते. बाकीचे आठशे छत्तीस एकट्या फ्लॅट नऊचे. दोन-दोन रुपये, चारशे अठरा वेळा. कधी एका दिवसात तीनदा. शब्दाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच अक्षर: उ.

मी सुनंदाला हाक मारली आणि बोटानं सहा नंबर दाखवला.

"हो, मीच घेतले," ती म्हणाली. "गुरुवारी तीन ते चार मी वर जाते. तुम्ही ऑफिसात असता."

"सव्वा वर्ष?"

"त्याहून थोडं जास्त झालं. मला नको होते पैसे. काकू मुठीत कोंबतात. चहाच्या डब्यात ठेवलेत सगळे, मोजून घ्या हवं तर."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतं, तासभर बसून झालं काय. काही होत नाही. मग काय सांगायचं?"

मी वही बगलेत मारली आणि वर गेलो. मला राग आला होता, पण तो कुणाचा ते ठरत नव्हतं, म्हणून मी फ्लॅट नऊच्या खात्याचा खुलासा मागायचं ठरवलं. त्या दिवशी सर घरात होते. त्यांनी दार उघडलं आणि मी आत येताच झटकन लावून घेतलं.

आतली हवा कोंडलेली होती. एप्रिलचा उकाडा आणि पंखा बंद. खिडक्यांच्या फटींना कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. काकू भिंतीशी खुर्चीत बसल्या होत्या. जेमतेम पंचावन्नच्या असतील. गालाला पदर लागू नये म्हणून तो दुसऱ्या खांद्यावरून घेतलेला. जवळच्या स्टुलावर एक स्टीलची वाटी आणि चमचा. त्यांनी मला मानेनं नमस्कार केला, तोंड न उघडता.

"वारा लागला की कळ येते तिला," सर म्हणाले. "बोललं की येते. घास चावला की येते. उजवा गाल. वाटी वाजली की समजायचं, थांबली, आता पाणी द्या."

तक्रारवहीतली भांड्यांची नोंद मला आठवली.

मी फ्लॅट नऊच्या खात्याबद्दल विचारलं. सरांनी कपाटातून तो जाड शब्दकोश काढून माझ्यासमोर ठेवला. तो एका पानावर आपोआप उघडला. तिथे डॉक्टरची जुनी चिठ्ठी खुणेला घातलेली होती.

"तीन वर्षं ही सांगत होती, शीर कळ मारते. दाताच्या डॉक्टरनं चार दाढा काढल्या. चारी चांगल्या होत्या. मग मोठ्या डॉक्टरकडे गेलो, त्यानं चिठ्ठीवर एक शब्द लिहिला, न्यूराल्जिया. मी इंग्रजीचा मास्तर, मला शब्द माहीत नव्हता. पण खूश होऊन घरी आलो, देशपांडे. रोगाला नाव मिळालं म्हणजे निम्मं काम झालं, असं वाटलं. आबिड्सला जाऊन हे पुस्तक आणलं. शब्द फोडला." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "न्यूरॉन म्हणजे शीर. आल्गोस म्हणजे कळ. आत एवढंच निघालं. शीर कळ मारते. ही मराठीत सांगत होती तर फी घेऊन दाढा काढल्या, तेच ग्रीकमध्ये लिहिलं तर निदान झालं."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, त्या हे ऐकून कंटाळल्या असतील. तसं नव्हतं. त्यांचा उजवा हात वर आला आणि गालापासून बोटभर अंतरावर थांबला, गालाला न लागता. खांदे ताठ झाले.

सर उठले. "मी जरा जिन्यात आहे," ते म्हणाले, रोज म्हणत असावेत तसं, आणि डबा नसतानाही हात डबा धरल्यासारखा पोटाशी घेऊन बाहेर गेले. दार त्यांनी आवाज न करता लावलं.

खोलीत मी आणि काकू.

मी समोरच्या लोखंडी खुर्चीत बसलो. घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. कळ सतत नव्हती. विजेचा झटका बसावा तशी यायची, काही सेकंद, मग थोडी जागा, मग पुन्हा. ओरडायला तोंड उघडायला लागतं आणि तोंड उघडलं की ती वाढते, म्हणून त्यांचा आवाज नव्हता. डोळ्यांतून नुसतं पाणी. गालावरून ओघळून ते नेमकं तिथेच जायचं आणि त्यानंही झटका यायचा. मी मोजायला लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही. एक, दोन, तीन. अकरापर्यंत मोजलं. नंतर मोजता येईना.

काय करावं कळत नव्हतं, आणि करण्यासारखं काही नव्हतंही. सुनंदा इथे एकाहत्तर तास बसली होती. कशी, ते मी पंचवीस वर्षांच्या संसारात तिला विचारायला हवं होतं.

अकरा वाजून एकोणतीस मिनिटांनी मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं, पाय उठले. काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. त्यांनी डावा हात किंचित हलवला, जा म्हणून. सवयीचा हात होता तो.

सर पायरीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उ म्हणजे उठलो."

मी वही मांडीवर उघडली.

"ती आत सोसते आणि मी इथं बसून लोकांचे शब्द फोडतो. चारशे अठरा वेळा उठलो, तुम्ही बेरीज केलीच असेल. एकदाही तास झाला नाही. वाटलं होतं, तुमच्या सुनंदाबाईंसारखं आणखी कुणीतरी बसेल. दोन रुपयांसाठी तरी. कुणाला या म्हणायची हिंमत नव्हती, देशपांडे. मीच बसत नाही तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं बोलवायचं? एकदा अर्ज केला."

"दप्तरी दाखल केला मी."

"बरोबर केलं. नियमात नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "किती वेळ बसलात?"

"बावीस मिनिटं."

त्यांनी खिशात हात घातला. मी नको म्हणालो. नियम एका तासाचा आहे, सलग, असंही म्हणालो. ते ऐकेनात. बोटांवर हिशेब करत होते. साठ मिनिटांना दोन रुपये, तर बावीस मिनिटांना किती. मला उत्तर आधीच आलं होतं, त्र्याहत्तर पैसे आणि वर थोडं. मी सांगितलं नाही.

"माझं कधी चौदाच्या पुढे गेलं नाही," सर म्हणाले.

आतून वाटी वाजली. टण, टण. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही उठलो नाही. खालच्या मजल्यावर आमचं दार उघडल्याचा आवाज आला. सुनंदा पदराला हात पुसत वर आली. त्या दिवशी रविवार होता, गुरुवार नव्हता. आम्ही वाट द्यायला भिंतीला सरकलो. ती दोघांच्या मधून गेली, आत शिरली आणि वारा जाऊ नये म्हणून दार चटकन लावून घेतलं.

दिनांक २१ एप्रिल १९९६. रक्कम पंचाहत्तर पैसे, चार आण्यांची तीन नाणी. देणारे रंगनाथराव उदगीरकर, घेणारा मी. हजर, आम्ही दोघंच. पावती मी मागितली नाही.